बावीस विरुद्ध बावीस: महिला आशियाई चषक पात्रता फेरीचे परीक्षण

२०२५ च्या जून-जुलैमध्ये झालेली महिला फुटबॉलच्या आशियाई चषकाची पात्रता फेरी मी प्रेक्षक म्हणून बारकाईने पाहिली. ती संपल्यावर, एखाद्या उपाहारगृहाविषयी किंवा प्रवासी सेवेविषयी लिहावे तसे तिच्याविषयी लिहावे असे वाटले. खेळाडूंच्या कामगिरीवर वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले आणि ते रास्तच होते. पण स्पर्धा ही वस्तू कशी बेतली होती, ती कोणाच्या मापाने शिवली होती आणि सामने पाहणाऱ्याच्या पदरात शेवटी काय पडले, हे फारसे कोणी विचारले नाही. माझे लक्ष अर्थातच भारताच्या ‘ब’ गटावर जास्त होते, आणि तो गट थायलंडमधील चियांग माई येथे खेळला गेला. तेव्हा या परीक्षणाचा तोल त्या बाजूला झुकलेला आहे, हे वाचकाने गृहीत धरावे.

या फेरीत ३४ संघ उतरले होते आणि त्यांचे आठ गट पाडले होते. दोन गटांत पाच-पाच संघ होते आणि उरलेल्या सहांत चार-चार. मार्च २०२६ मधील ऑस्ट्रेलियातल्या मुख्य स्पर्धेच्या बारा जागांपैकी चार आधीच भरल्या होत्या: एक यजमान ऑस्ट्रेलियाची, आणि बाकीच्या तीन २०२२ च्या स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांवर राहिलेल्या चीन, दक्षिण कोरिया आणि जपान यांच्या. उरलेल्या आठ जागांसाठी आठ गट, म्हणजे एका गटातून एकच संघ. प्रत्येक गटाचे सगळे सामने एकाच देशात, एकाच शहरात, दर तिसऱ्या दिवशी. प्रत्येकाशी एकदाच गाठ, परतीचा सामना नाही. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही, सर्वोत्तम उपविजेत्यांसाठी वेगळी खिडकीही नाही. ही रचना स्वस्त आहे, आटोपशीर आहे आणि प्रवासाचा खर्च ज्यांना पेलत नाही अशा संघटनांना ती सोयीची आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि महिला फुटबॉलवर अनेक संघटना किती हात आखडून खर्च करतात हे लक्षात घेतले, तर त्या क्षुल्लकही नाहीत.

तिची खोट मात्र पहिल्याच दिवशी दिसली. २३ जूनला भारताने मंगोलियाला १३-० असे हरवले आणि त्यातले पाच गोल एकट्या प्यारी खाखाने केले. त्या दिवशी माझ्याकडे सामन्याचे थेट चित्र अर्धा वेळ अडकलेलेच होते, त्यामुळे मी गुणफलकाचे आकडे बदलताना पाहत बसलो. आणि गंमत अशी की नंतर पूर्ण चित्रफीत पाहिली तेव्हा आकड्यांहून वेगळे असे फार थोडे हाती लागले. एकतर्फी सामन्यातही पाहण्यासारखे काही असते, हे मान्य आहे. बचावफळी उघडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा दिसतात, एखादी राखीव खेळाडू आपली जागा मागताना दिसते. पण सहाव्या-सातव्या गोलानंतर समोरच्या संघाच्या गोलरक्षिकेकडे पाहताना प्रेक्षकाचाच जीव कानकोंडा होतो.

असा सामना का होतो, याचे उत्तर दोन्ही संघांतल्या फरकात आहेच, पण नियमावलीतही आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसातील सामन्याचा निकाल पाहिला जातो. तो सामना बरोबरीत सुटला असेल, तर सगळ्या सामन्यांतला गोलफरक आणि मग एकूण गोल मोजले जातात. म्हणजे गटातील दोन बलवान संघ दुबळ्या संघांवर जे गोल चढवतात, ते सगळे एका शक्यतेसाठी उतरवलेला विमा असतो: आपला एकमेकांशी सामना बरोबरीत सुटला तर काय? हा विमा कधी कामी येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून सात-शून्यवर थांबणे कोणालाच परवडत नाही. नववा, दहावा, अकरावा गोल करणाऱ्या संघाला आपण निर्दय म्हणतो तेव्हा आपण नियमाचा राग खेळाडूंवर काढत असतो.

हे भारताला जितके ठाऊक असायला हवे तितके फार थोड्यांना असेल, कारण एप्रिल २०१७ मध्ये याच फेरीत मोजमापाचे भांडे भारत होता. २०१८ च्या आशियाई चषकासाठीचा तो गट प्योंगयांगमध्ये खेळला गेला आणि त्यात उत्तर व दक्षिण कोरिया हे दोन्ही संघ होते. त्यांच्यातला सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि मग सगळा निवाडा इतरांवर केलेल्या गोलांवर आला. दक्षिण कोरियाने भारतावर दहा गोल चढवले होते, उत्तर कोरियाने आठ. गोलफरकावर दक्षिण कोरिया पुढे गेला आणि उत्तर कोरिया, स्वतःच्या राजधानीत, एकही सामना न हरता बाहेर पडला. त्या वेळी आपल्या बचावफळीतल्या मुली ज्या नव्वद मिनिटांतून गेल्या, त्याच मिनिटांतून आठ वर्षांनी मंगोलियाच्या मुली गेल्या. आपला संघ मधल्या काळात किती पुढे सरकला याचा हा पुरावा म्हणता येईल. पण स्पर्धेची रचना जागची हलली नाही, याचाही तो तितकाच पुरावा आहे.

मधले दोन सामने थोडक्यात सांगतो. पाच संघांच्या गटात प्रत्येक फेरीला एक संघ बसून राहतो, त्यामुळे भारताला पहिल्या सामन्यानंतर सहा दिवसांची उसंत मिळाली आणि नंतर तीन-तीन दिवसांच्या अंतराने सलग तीन सामने आले. २९ जूनला तिमोर-लेस्टेविरुद्ध ४-०, २ जुलैला इराकविरुद्ध ५-०. यांतला पहिला सामना मला जास्त उपयोगाचा वाटला, कारण समोरच्या संघाने मैदान आखूड केले, मागे गर्दी केली आणि भारताला संयमाने खेळावे लागले. मनीषा कल्याणने दोन गोल केले तरी हा विजय मंगोलियाविरुद्धच्या विजयासारखा सैल नव्हता. क्रिस्पिन छेत्री यांच्या प्रशिक्षणाखालच्या या संघाचे बंगळुरूत दीर्घ शिबिर झाले होते. त्या शिबिराचा परिणाम पाहायचा असेल, तर तेरा गोलांच्या सामन्यापेक्षा तो या चार गोलांत जास्त दिसला.

आता ज्या आकड्यावरून या परीक्षणाला शीर्षक दिले आहे तो आकडा. शेवटच्या सामन्याआधी भारताचे नऊ गुण होते, थायलंडचे नऊ गुण होते. भारताने तीन सामन्यांत २२ गोल केले होते आणि एकही खाल्ला नव्हता. थायलंडनेही नेमके २२ गोल केले होते आणि एकही खाल्ला नव्हता. म्हणजे दोन्ही संघांनी जून महिन्याच्या अखेरीस उन्हापावसात धावून, थकलेल्या बचावफळ्यांवर गोलामागून गोल चढवून जो विमा उतरवला होता, तो एकमेकांनी तंतोतंत रद्द केला. ५ जुलैचा सामना बरोबरीत सुटला असता, तर मोजायला काहीच उरले नव्हते; थेट पेनल्टी शूटआउटच झाले असते. गोल मोजण्यावर उभ्या असलेल्या या स्पर्धेत गोल मोजणे पूर्णपणे निरर्थक ठरले आणि नेमका तेवढाच एक दिवस स्पर्धा म्हणून पाहण्याजोगा झाला, हा योगायोग मला अजून गमतीचा वाटतो.

कागदावर सामना थायलंडचा होता. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ व्या स्थानावर, भारत ७० व्या. थायलंड २०१५ आणि २०१९ अशा दोन विश्वचषकांत खेळलेला संघ; भारत एकाही नाही. शिवाय मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची. आणखी एक जुना हिशेबही होता, जो बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे: १९८३ साली बँकॉकमध्ये याच आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात थायलंडने भारताला हरवले होते. त्या काळात आशियातले अनेक बलाढ्य देश महिला संघ पाठवतच नसत, म्हणून त्या उपविजेतेपदाचे वजन जपून सांगावे लागते. तरी ते होते.

सामना २-१ असा भारताने जिंकला आणि दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते. पश्चिम बंगालमधील कल्याणीची ही खेळाडू मधल्या फळीत खेळते, गोल करणे हे तिचे मुख्य काम नव्हे. पूर्वार्धात अर्ध्या तासाच्या सुमारास तिने बॉक्सच्या बाहेरून मारलेला फटका जाळ्यात गेला. उत्तरार्ध सुरू होताच, ४७ व्या मिनिटाला, चाचावान रोडथाँगने थायलंडला बरोबरी साधून दिली आणि मला वाटते तिथून पुढची पंचवीस-सव्वीस मिनिटे हा या संपूर्ण फेरीतला सर्वांत दाट भाग होता. एरवी अशा वेळी आपला संघ मागे सरकतो, चेंडू उगाच लांब मारला जातो आणि बरोबरी टिकवण्याच्या नादात सामना हातचा जातो. इथे मधली फळी जागेवरून हलली नाही. ७४ व्या मिनिटाला संगीताने डोक्याने चेंडू आत घातला आणि मग उरलेला वेळ आपल्या बचावफळीने, गोलरक्षक पांथोई चानूने आणि कर्णधार स्वीटी देवीने काढला. त्या शेवटच्या मिनिटांचे वर्णन मी करत नाही, कारण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी पडद्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहत होतो.

या विजयाने भारत प्रथमच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात गेला. ‘प्रथमच’ हा शब्द इथे जपून वाचायला हवा. भारत या स्पर्धेत पूर्वी अनेकदा खेळला आहे, १९८० च्या आसपास दोनदा उपविजेताही ठरला आहे, आणि २०२२ मध्ये तर यजमान म्हणून नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे स्पर्धा भरवून आपण थेट आत होतो. त्या स्पर्धेत इराणविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली आणि दुसऱ्या सामन्याआधी कोरोनाची लागण इतक्या जणींना झाली की संघ उभा करण्याइतक्या खेळाडू उरल्या नाहीत. नियमानुसार भारताने माघार घेतल्याचे धरले गेले आणि त्याच्या निकालांची नोंदही रद्द झाली. यजमानाच्या दारातून आत जाणे आणि रांगेत उभे राहून आत जाणे यांतला फरक त्या संघातल्या ज्या मुली चियांग माईतही खेळल्या, त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

यजमानपदाचा विषय निघालाच आहे, तर एक निरीक्षण नोंदवतो. एकाच शहरात सगळे सामने घेण्याला माझा पहिला आक्षेप हाच होता की त्यामुळे यजमानाला वाजवीपेक्षा जास्त फायदा होतो: प्रवास नाही, वेळा सोयीच्या, गर्दी आपली. पण निकाल पाहिल्यावर हा आक्षेप मला निम्माशिम्मा मागे घ्यावा लागतो. आठ यजमानांपैकी फक्त व्हिएतनाम आणि उझबेकिस्तान हे दोनच पुढे गेले. थायलंड, म्यानमार, इंडोनेशिया, कंबोडिया, ताजिकिस्तान आणि जॉर्डन हे सहाही आपापल्या घरात बाहेर पडले. यांतल्या काहींना तशी आशा फारशी नव्हती, हे खरे. ताजिकिस्तानच्या गटात उत्तर कोरिया आणि कंबोडियाच्या गटात फिलिपिन्स होता. पण थायलंड आणि म्यानमार यांचा हिशेब घरच्या मैदानावर नक्कीच चुकला.

म्यानमारचा गट तर स्वतंत्रपणे पाहण्यासारखा होता. यांगूनमध्ये बांगलादेशाने, जागतिक क्रमवारीत १२८ व्या स्थानावर असताना, ५५ व्या स्थानावरील म्यानमारला २-१ असे हरवले. दोन्ही गोल ऋतुपर्णा चकमाचे. त्याच दिवशी बहारीन आणि तुर्कमेनिस्तान यांचा सामना बरोबरीत सुटला आणि बांगलादेश एक सामना राखून, इतिहासात पहिल्यांदा, आशियाई चषकात पोहोचला. निकाल म्हणून हा भारताच्या निकालापेक्षाही मोठा धक्का होता, असे माझे मत आहे. पण परीक्षकाच्या नजरेने पाहिले तर इथे वेळापत्रकाची चूकही उघडी पडते. चियांग माईत दोन मुख्य दावेदारांची गाठ शेवटच्या दिवशी पडली, यांगूनमध्ये ती मधल्याच दिवशी पडली. त्यामुळे ५ जुलैचा बांगलादेश-तुर्कमेनिस्तान सामना, जो ७-० असा संपला, केवळ उपचार म्हणून उरला. चार संघांच्या साखळीत अव्वल दोन मानांकित संघांचा सामना शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणे अवघड नाही आणि ते प्रत्येक गटात का केले जात नाही हे मला उमगलेले नाही.

ताश्कंदमध्ये ते झाले आणि काय घडले पाहा. उझबेकिस्तान आणि नेपाळ यांचा सामना ३-३ असा सुटला, दोघांना वेगळे करण्यासाठी पेनल्टी शूटआउट घ्यावे लागले आणि नेपाळ बाहेर गेला. एकही सामना न हरलेला संघ, सहा गोलांचा सामना खेळून, घरी. इराणचा गट तर युद्धजन्य परिस्थितीमुळे वेळेवर होऊच शकला नाही आणि जुलैमध्ये जॉर्डनमध्ये खेळवला गेला. तिथून इराण पुढे गेला. तो गट मी तुकड्या-तुकड्यांत पाहिला, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

माझी मुख्य तक्रार दुसऱ्या क्रमांकाविषयी आहे. थायलंडने चार सामन्यांत २३ गोल केले, दोन खाल्ले, आणि चार वर्षांच्या चक्रातून तो बाहेर गेला. भारत जिंकला म्हणून हे आपल्याला गोड लागते, पण निकाल उलटा लागला असता तर २३ गोल करून घरी बसणारे आपण असतो आणि याच नियमावर आपण पोटतिडकीने लिहिले असते. हा आशियाई चषक ब्राझीलमधल्या २०२७ च्या विश्वचषकाचीही पात्रता ठरवणारा होता, त्यामुळे चियांग माईतल्या एका संध्याकाळी थायलंडच्या हातून दोन्ही स्पर्धा एकदमच सुटल्या. युरोपने २०२३ पासून महिला नेशन्स लीग सुरू करून संघांची ताकदीनुसार विभागणी केली, घरी आणि बाहेर असे सामने ठेवले आणि वर चढण्या-उतरण्याची सोय केली. तिथेही उणिवा आहेत, पण तेरा-शून्य असे सामने तिथे क्वचित होतात, कारण तुल्यबळ संघच एकमेकांसमोर येतात. आशियाची अंतरे, व्हिसा आणि तिजोऱ्या पाहता ते जसेच्या तसे इथे जमणार नाही. मात्र दुबळ्या संघांची आधी एक प्राथमिक फेरी घेणे आणि मुख्य पात्रता गटांतील दोन-तीन उत्तम उपविजेत्यांना आणखी एक संधी देणे, एवढे तरी एकाच शहरात सामने घेण्याची पद्धत न मोडता करता येईल. मंगोलियाच्या किंवा तिमोर-लेस्टेच्या खेळाडूंनाही आपल्या तोलाच्या संघाशी चार सामने खेळून जे शिकता येईल, ते तेरा गोल खाऊन येत नाही.

प्रेक्षकाच्या सोयींबद्दल थोडे. सामने ऑनलाइन पाहता आले, ही महिला फुटबॉलच्या पात्रता फेऱ्यांच्या बाबतीत गृहीत धरण्याजोगी गोष्ट अजूनही नाही, म्हणून ती जमेच्या बाजूला लिहितो. चियांग माईचे ७०० वा वर्धापनदिन क्रीडांगण १९९५ च्या दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले आहे आणि त्यात मैदानाभोवती धावण्याचा मार्ग आहे. अशा बहुउद्देशी मैदानांत प्रेक्षक आणि कॅमेरा दोन्ही खेळापासून दूर पडतात आणि बगलेवरची चढाओढ पडद्यावर लहान दिसते. भारत आणि थायलंड यांच्या घड्याळांत दीड तासाचाच फरक असल्याने जागरणाचा प्रश्न आला नाही. खेळाडूंची नावे, राखीव फळी, कोणाला कोणते कार्ड मिळाले ही माहिती मात्र मला प्रत्येक वेळी इकडूनतिकडून गोळा करावी लागली, आणि पात्रता फेरीचा प्रेक्षक ही माहिती मागतो हे कोणीतरी एकदा मनावर घ्यायला हवे.

गुण द्यायचेच झाले तर पाचपैकी तीन. त्यातला एक पूर्ण गुण ५ जुलैच्या संध्याकाळचा आहे आणि अर्धा यांगूनच्या निकालाचा. पुढच्या चक्रात ही फेरी पाहायची असेल, तर सगळे सामने पाहण्याचा आग्रह धरू नये. वेळापत्रक हाती आले की आपल्या गटातले दोन वरचे संघ एकमेकांसमोर कधी येतात ते आधी शोधावे, तो दिवस मोकळा ठेवावा, आणि सामना सुरू होण्याआधी गुणतक्ता शेजारी उघडून शेवटचे दोन रकाने नीट वाचून घ्यावेत. बरोबरी कोणाच्या पथ्यावर पडणार हे तिथे लिहिलेले असते, आणि ते कळले की कोणता संघ शेवटच्या वीस मिनिटांत पुढे सरकेल आणि कोणता मागे, हे तुम्हाला समालोचकाच्या आधी दिसू लागते.